परबकाकांचा घोडा तपासला कोणी?

ऑफिसातले किस्से कसे साचतात ते बघायचं असेल तर आमच्या लॅबमधला एखादा जुना प्रेशर गेज उलटा करून बघा. दरवर्षी तपासून झाला की त्यावर तारखेचा स्टिकर लावायचा, आणि जुना खरवडायचा कंटाळा आला की त्याच्यावरच नवा! दहा वर्षांनी स्टिकरांचीच जाडी मोजायची वेळ येते. परबकाकांचे घोड्यांचे किस्से तसेच एकावर एक बसलेत. चहाला चार जण जमले की कोणीतरी नखाने कोपरा उचकटतोच.

आमची लॅब अंधेरी पूर्वेला, मरोळच्या अलीकडे, एका इंडस्ट्रियल गाळ्यात आहे. वजनकाटे, थर्मामीटर, गेज, स्टॉपवॉच बरोबर दाखवतात का ते आम्ही तपासतो आणि सर्टिफिकेट देतो. म्हणजे कोण खरं बोलतंय आणि कोण किती खोटं बोलतंय हे शोधणं हाच आमचा धंदा. तरी आमच्याच लॅबमध्ये हे झालं.

मी रेश्मा, घाटकोपरची. स्वभाव काळजीचा. गॅस बंद केलाय का हे बघायला मेट्रोतून उतरून घरी परत गेलेली बाई आहे मी. त्यामुळे हेच किस्से शेजारच्या टेबलावरचा किरण गायकवाड सांगतो तेव्हा लोक हसतात. मी सांगायला लागले की विचारतात, "पाणी देऊ का?"

* * *

परबकाका म्हणजे आमचे सगळ्यात सीनियर. मालवणकडचे, वडील गिरणीत होते, काका तीस वर्षं काट्यांत. त्यांचा एकच मंत्र. आमच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी दोन रकाने असतात, 'केलं' आणि 'तपासलं'. पहिल्यात ज्याने रीडिंग घेतलं त्याची सही, दुसऱ्यात दुसऱ्या कोणाची तरी. काका म्हणतात, "आपलां रीडिंग आपण तपासूचा नाय. आपल्या डोळ्यांक आपलीच चूक दिसणा नाय!"

हा नियम ते घरीही चालवतात. काकींचे दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तर काका फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं. काकांनी फाइलच्या तळाशी पेनाने दोन रकाने आखले. 'केलं'मध्ये पहिल्या डॉक्टरांचं नाव लिहिलं आणि फाइल पुढे सरकवली.

दुसरे डॉक्टर म्हणाले, "अहो, हे काय?"

"सही करा. तुमची खालची सही. म्हणजे आता जबाबदारी तुमची!"

डॉक्टरांनी हसत सही केली. होळीनंतरची तारीख मिळाली. फक्त एका गुडघ्याची, कारण पैसे एकाचेच जमले होते. काकांना ते फार लागलं. लॅबमध्ये येऊन म्हणाले, "एक नवीन नि एक जुनो. म्हणजे काटो एका बाजूक झुकतलोच, गो." तेव्हा मी हसले होते. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या वाक्यात होतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

* * *

घोडे आमच्या लॅबमध्ये स्टॉपवॉचवर बसून आले.

डिसेंबरमध्ये एक गृहस्थ पाच-सहा स्टॉपवॉच घेऊन आले. सकाळी घोडे पळवतात तेव्हा त्यांची वेळ घ्यायला वापरतात म्हणाले. काकांनी ती तपासली. एक जरा मागे पडत होतं, बाकी ठणठणीत. काका एकदम खूश! "बगलंस? सेकंदाचो पाचवो भागसुद्धा लिवन ठेवतत. आपल्यासारखीच माणसां ही." झालं, घोड्यांचा धंदा शास्त्रशुद्ध आहे असं काकांच्या डोक्यात बसलं.

ते गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन गेले, त्यांचा पुढे काही संबंध नाही. पण काकांनी फोनवर रेसबद्दल वाचायला सुरुवात केली आणि आठ दिवसांत त्यांना एक मेसेज आला. 'खात्रीचे घोडे. आमचा स्ट्राइक रेट दहापैकी नऊ. पहिल्या तीन टिपा फुकट. लिंक दाबा.' मेसेजखाली नाव नाही, नुसतं 'सर'. आम्हीही त्याला सरच म्हणतो. सर्व्हिसचं नाव मी लिहीत नाही, उगाच फुकट जाहिरात कशाला!

काकांना लिंक उघडेना. काकांना फोनमधलं एकच काम जमतं, ते म्हणजे फॉरवर्ड. आलेली प्रत्येक गोष्ट ते गुड मॉर्निंगच्या फुलासकट सगळ्यांना पाठवतात. तो मेसेजही त्यांनी मला, किरणला आणि त्यांच्या घराकडच्या अर्ध्या वाकोल्याला पाठवला आणि फोन घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"रेश्मा, जरा दाबून दे गो."

मी दाबून दिली. हातात थर्मामीटर होता, वाचलंसुद्धा नाही. पहिल्या तीन फुकट टिपा आल्या आणि तिन्ही घोडे पहिले आले! चौथ्या दिवशी काकांनी पैसे भरले. त्या दिवसापासून माझी झोप गेली. लिंक दाबणारं बोट माझं होतं ना.

* * *

एका रविवारी काका किरणला घेऊन रेसकोर्सवर गेले. सोमवारी मी किरणला गाठलं. "काय झालं? किती लावले? हरले का?"

"अगं, लावायला वेळ कुठे मिळाला?"

झालं असं की रेसच्या आधी जॉकींचं वजन करतात हे काकांना तिथे कळलं. मग ते काटा शोधत निघाले. आत सोडेनात, तर कठड्याशी उभे राहून तिथल्या माणसाला हाका मारत बसले. "ओ साहेब! काट्याचो स्टिकर दाखवा! ड्यू डेट काय हा?"

तो माणूस भला. त्याने तारीख वाचून दाखवली. काट्याची मुदत चांगली चार महिने बाकी होती. काकांनी समाधानाने मान डोलावली, वळले, तर लोक घरी निघालेले. काकांना पैसे लावायचे होते ती शेवटची रेस संपली होती.

"आणि घोडा?" मी विचारलं.

"हरला. पण काका म्हणाले, वजन बरोबर होतं!"

* * *

आता एडिटेडचा किस्सा. त्याआधी व्हाइटनरचा सांगते.

आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला नवा लिहायचा आणि सही करायची. आठ वर्षांपूर्वी किरण नवीन होता, त्याने एका आकड्यावर व्हाइटनर लावलं. एकाच! काकांनी त्याला चाळीसच्या चाळीस थर्मामीटर परत करायला लावले. वर म्हणाले, "चुकलास तर माफ. लपवलंस तर चाळीस."

तर जानेवारीतल्या एका शनिवारी किरणने काकांच्या फोनवर सकाळची टिप बघितली होती. 'ब्लू लँटर्न, आज डेज बेस्ट.' डेज बेस्ट म्हणजे त्या दिवसाचा सगळ्यात खात्रीचा घोडा. दुपारी रेस झाली. ब्लू लँटर्न कुठे दिसलाच नाही, 'सेकंड हेल्पिंग' नावाचा घोडा जिंकला. आणि संध्याकाळी फोन बघतो तर सकाळच्या त्याच मेसेजमध्ये 'सेकंड हेल्पिंग, आज डेज बेस्ट'! खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'एडिटेड'. लिंक दाबून उघडलेल्या त्या ॲपमध्ये मेसेज कधीही बदलता यायचा.

किरणच्या डोळ्यांत अक्षरशः आठ वर्षांची प्रतीक्षा चमकली. फोन नाचवत काकांसमोर गेला. "काका! व्हाइटनर!"

काकांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "टायपिंग मिस्टेक आसतली."

"अहो, ब्लू लँटर्नचं सेकंड हेल्पिंग झालं! ही टायपिंग मिस्टेक?"

काका चष्मा खिशात ठेवत म्हणाले, "मोठी आसतली."

सगळे हसले. मी वॉशरूममध्ये जाऊन दोन मिनिटं उभी राहिले. ज्या माणसाने एका ठिपक्यासाठी चाळीस थर्मामीटर करून घेतले, तो माणूस हे बोलत होता. आपण ओळखतो तो माणूस आत कुठेतरी बंद पडलाय असं वाटलं आणि मला खरंच भीती वाटली.

* * *

त्या रात्री मी ठरवलं की रीतसर तपासायचं. काटा लॅबमध्ये आला की त्याला हात लावण्याआधी तो जसा आहे तसा त्याचं रीडिंग लिहून ठेवायचं, हा आमचा पहिला धडा. 'सापडलं तसं.' दुरुस्ती मग. मी एक वही केली. काकांची टिप आली रे आली की रेसच्या आधी, पेनाने, वेळेसकट लिहायची. काका हसून फोन द्यायचे. त्यांना वाटायचं मलाही नाद लागला!

महिनाभर लिहिलं. चोवीस टिपा, पहिले आलेले घोडे पाच. सरांच्या हिशोबाने मात्र बावीस बरोबर! कारण दुसरा आला तर 'थोडक्यात', चौथा आला तर 'प्रॉफिट नाही पण प्रेडिक्शन परफेक्ट', आणि एक घोडा शेवटून दुसरा आला त्याच्याबद्दल 'घोडा तयार होतोय, पुढच्या वेळी बघा'.

मला इतका राग आला की मी पूर्ण तक्ता टाइप केला. तारीख, आलेली टिप, बदललेली टिप, निकाल, त्रुटी. खाली लिहिलं, 'तुमचं उपकरण नापास आहे.' आणि सरांना पाठवला. पाठवल्यावर डोक्यात चक्र सुरू. आता धमकी येणार, माझा नंबर त्यांच्याकडे गेला, नवऱ्याला काय सांगू, मुलीची शाळा त्यांना कळली तर! किरण म्हणाला, "शांत हो गं, घोडेवाला आहे, डॉन नाही."

पाऊण तासाने उत्तर आलं. मी डोळे मिटून फोन किरणकडे दिला. त्याने मोठ्याने वाचलं.

"मॅडम, फॉरमॅट एकदम झकास! आमचा लोगो टाकून देता का?"

* * *

पैसे भरल्याच्या पावतीवर सरांच्या ऑफिसचा पत्ता होता, वर्सोव्याचा. मी म्हटलं, प्रत्यक्ष जाऊन बघू. ऑफिस असेल तर माणूस सापडेल, नसेल तर काकांचे डोळे उघडतील. एका शनिवारी लॅब सुटल्यावर मी, किरण आणि काका मेट्रोने शेवटच्या स्टेशनला उतरलो, रिक्षा केली आणि विचारत विचारत कोळीवाड्यात शिरलो.

गल्ली बरोबर, नंबर बरोबर. पण तिथे दार नव्हतं की पाटी नव्हती. बांबूच्या परांचीवर, म्हणजे वलांडीवर, बोंबील सुकत होते आणि खाली एक कोळीणबाय बसली होती. आमच्याकडे बघून तिने उठायचीही तसदी घेतली नाही.

"घोऱ्यांसाठी आलांव ना? घोरे नाय गो हिकरं, बोंबील हान!"

मी विचारलं, "म्हणजे आमच्याआधीपण लोक आले?"

"रोज येतान. पयले भांडतान, मंग बोंबील घेऊन जातान."

मी काकांकडे बघितलं. आता काही बोलतील, निदान मान खाली घालतील. काका वाकून बोंबील दाबून बघत होते. "चांगले सुकलेत," म्हणाले आणि अर्धा किलो घेतले. तिचा काटा जरा झुकत होता, तोही नीट करून दिला.

परत येताना रिक्षाभर वास. किरण म्हणाला, "काका, आता तरी पटलं ना?"

काका पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाले, "कायतरी मिळाला मां? फुकट तर नाय गेलो."

मी बोटांवर आठवडे मोजले. होळी सहा आठवड्यांवर आली होती.

* * *

मग फोनांचा दिवस. हा किस्सा किरण सांगतो तेव्हा टेबलावर उभा राहतो.

सरांचा ग्रुप नव्हता. प्रत्येकाला वेगळा मेसेज. 'पर्सनल अटेन्शन' म्हणे! मला त्याचाच संशय होता. म्हणून मी आणि किरणनेही आपापल्या नंबरवरून फुकटची टिप मागवली. शनिवारी दुपारी वजनांच्या टेबलावर, जिथे आम्ही हातमोजे घातल्याशिवाय काही ठेवत नाही, तिथे तीन फोन ओळीने ठेवले. माझा, किरणचा, काकांचा. एकच रेस, एकच सर.

पहिला माझा वाजला. 'मॅडम, फक्त तुमच्यासाठी. माय कझिन.'

किरणचा वाजला. 'सर, फक्त तुमच्यासाठी. ब्लू लँटर्न.'

काकांचा वाजला. 'परबसाहेब, फक्त तुमच्यासाठी. सायलेंट प्रॉमिस.'

किरण ओरडला, "सापडला! काका, एकच वजन आणि तीन काटे तीन आकडे दाखवतात! दहा जणांना दहा घोडे पाठवायचे, एकाला लागणारच. ज्याला लागला तो पैसे भरतो. तुमचे पहिले तीन असेच लागले!"

काकांनी तीन वेळा तिन्ही फोन बघितले. बोट ओठांवर ठेवून उभे राहिले, काटा फेल करताना राहतात तसे. मला इतकं हायसं वाटलं की मी चहा सांगितला. वाटलं, संपलं एकदाचं.

चहा येईपर्यंत रेस झाली. सायलेंट प्रॉमिस पहिला!

काकांनी आमचे दोन फोन उचलून आमच्या हातात दिले, अगदी हळू, आजारी माणसाला औषध द्यावं तसे. "तुमचे काटे खराब," म्हणाले. "खरां फक्त माज्या नंबराक येता."

* * *

त्यानंतर सरांनी काकांना 'डायमंड मेंबर' केलं. सीझनची मोठी रेस पुढच्या रविवारी. सायलेंट प्रॉमिस पुन्हा पळणार. मेसेज आला, 'परबसाहेब, असा चान्स आयुष्यात एकदा. जे आहे ते लावा. दोन्ही गुडघे होतील.'

गुडघ्यांचं सरांना काकांनीच सांगितलं होतं. मी तो मेसेज वाचून फोन टेबलावर पालथा ठेवला.

सोमवार ते गुरुवार मी बोलून बघितलं. वही दाखवली. "पाच बरोबर, काका, चोवीसमध्ये पाच!" काका म्हणाले, "पण शेवटचो बरोबर. काटो हळूहळू स्थिर होता, गो." किरणने शिव्या घालून बघितलं. "काका, वाट लागेल यार! काकींना काय तोंड दाखवाल?" काका त्याच्यावर चिडले नाहीत, हेच वाईट. नुसते म्हणाले, "तिका जिने चढताना बगलंस तू कधी?" त्यावर किरण आपल्या टेबलाशी परत गेला.

शुक्रवारी काकांनी हाफ डे टाकला. तीस वर्षांत काकांचा हाफ डे कोणालाच आठवत नाही. बँकेत जाऊन आले असणार हे सांगायला कोणाची गरज नव्हती. मी त्या दिवशी एकच थर्मामीटर तीनदा तपासला आणि तीनदा वेगळा आला. शेवटी किरणने तो माझ्या हातातून काढून घेतला.

* * *

शनिवारी दुपारी मी आणि किरण वाकोल्याला काकांच्या घरी गेलो. न कळवता. वाटेत ठरवलं होतं की काहीही झालं तरी ऑपरेशनच्या पैशांची पिशवी शोधायची, पैसे काकींच्या हातात द्यायचे, भांडण झालं तर झालं.

घर एका खोलीचं. मागे ओटा, मध्ये अर्धी भिंत. बाहेरच्या भागात एक पलंग, त्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, आणि एकच खुर्ची. खुर्चीवर कापडी पिशवी ठेवलेली, तोंडाला गाठ मारलेली. काका तिच्याशेजारी उभे. आम्हाला बघून दचकले नाहीत, उलट म्हणाले, "बरां झाला इलात. मी येतलोच होतो तुमच्याकडे."

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला. आमच्या लॅबच्या फॉरमॅटमध्ये, हाताने आखलेला. रेस, घोडा, वेळ, रक्कम. खाली दोन रकाने. 'केलं' मध्ये त्यांची सही, स्वच्छ, तीस वर्षं तशीच. 'तपासलं' रिकामा.

त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "सही कर, गो. सहीशिवाय मी रेसकोर्सार जावचंय नाय."

मी सही केली नाही तर ते जाणार नाहीत, इतकं ते सोपं होतं! पण काकांचा चेहरा बघितला आणि कळलं की मी नाही म्हटलं तर हे किरणला विचारतील, किरण नाही म्हणाला तर खालच्या वाण्याला. माणसाला एकदा सही हवी असली की ती मिळतेच कुठेतरी.

"मी नाही करणार, काका," मी म्हटलं. मी हात पाठीमागे नेले.

"किरण?"

"मेलो तरी नाही."

"मग कोण करतला?" काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कोणतरी करूक व्हया मां? मी एकट्यान कसा ठरवू?"

अर्ध्या भिंतीमागून आवाज आला. "घोडो खंयचो म्हणालात?"

काकी. उंच स्टुलावर बसून कोलंबी सोलत होत्या, आम्हाला दिसतही नव्हत्या. काका गोंधळले. "तुका काय करूचा? सायलेंट प्रॉमिस."

आत नळ सुरू झाला, बंद झाला. मग काकी उठल्या. ओट्याला धरून एक पाऊल, भिंतीला धरून दुसरं. ओट्यापासून आमच्यापर्यंत जेमतेम पाच पावलं असतील. आम्ही तिघं उभे राहून बघत होतो, आणि कोणी मध्ये हात द्यायला गेलं नाही, कारण काकींना ते आवडत नाही. गुडघ्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

काकींनी पदराला हात पुसले आणि कमरेला खोचलेला फोन काढून काकांपुढे धरला.

"माका तर तिसरोच इलो हा."

स्क्रीनवर मेसेज होता. 'सर, फक्त तुमच्यासाठी. सेकंड हेल्पिंग. जे आहे ते लावा.' त्याच्या वर मेसेजच मेसेज. काकींचं बोट वर सरकत गेलं, थेट डिसेंबरपर्यंत. मग त्यांनी काकांकडून आलेले मेसेज उघडले. तिथे काकांनीच फॉरवर्ड केलेला तो पहिला मेसेज, गुड मॉर्निंगच्या गुलाबासकट.

काकांनी फोन हातात घेतला. "तू... तू कधी?"

"ज्या दिवशी तुमी घेतलास त्याच दिवशी. पैसे भरूक नाय, तरी अजून पाठवता मेलो."

"पण कशाक?"

"कशाक म्हणजे? केला तुमी. तपासूक कोणतरी व्हया मां?"

काकांनी फोन काकींना परत दिला. मग त्यांनी तो कागद भिंतीला टेकवला, घोड्याच्या नावावर एक सरळ रेघ मारली, खालचं नाव वाचता येईल अशी, आणि बाजूला सही केली. पेन काकींना दिलं. काकींनी 'तपासलं'च्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. भिंत खडबडीत होती, त्यामुळे शेवटचं अक्षर जरा हललं.

पेन परत देताना काकींनी खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आता ती पिशवी उचला आधी. माका बसूचा आसा."